२५१ चा वेग आणि आपली पहिली प्रतिक्रिया

थोडं लांबलंय, पण वेळ काढून वाचा. राजकारण नाही, कुठल्या पक्षाचं नाव नाही. गाडीच्या वेगाबद्दल आहे आणि आपल्याबद्दल आहे.

२ नोव्हेंबर २०२१. अमेरिकेतलं लास वेगास, पहाटे पावणेचारचा सुमार. रेनबो बुलेवार्ड नावाचा शहरातला रस्ता. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे आपले ७२ किलोमीटर. त्या रस्त्यावर एक कॉर्व्हेट ताशी १५६ मैलांनी चालली होती. किलोमीटरमध्ये २५१. पुढे एक टोयोटा होती. तिच्यात २३ वर्षांची एक मुलगी आणि तिचा कुत्रा. कॉर्व्हेट मागून आदळली, टोयोटाने पेट घेतला. मुलगी आणि कुत्रा, दोघंही गाडीतच गेले.

कॉर्व्हेट चालवणाऱ्याचं नाव हेन्री रग्ज. वय २२. अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. आपल्याकडे हा खेळ कुणी फारसा बघत नाही, म्हणून थोडं सांगतो. तिकडे दरवर्षी कॉलेजमधून खेळाडू निवडायचा एक मोठा सोहळा असतो, ड्राफ्ट म्हणतात. २०२० च्या ड्राफ्टमध्ये रग्जचा नंबर १२ वा लागला. त्याला घेणारा संघ लास वेगास रेडर्स. तो संघ त्या वर्षीच लास वेगासला आला होता, म्हणजे नव्या शहरासाठी त्यांनी उचललेला हा पहिला गडी. आणि तो उचलला कशासाठी? वेगासाठी. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, तो ४.२७ सेकंदांत पळाला होता. त्या पळण्याचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले, टाळ्या वाजवल्या.

आता हिशोब बघा. जे अंतर त्याने पायांनी सव्वाचार सेकंदांत कापलं आणि ज्यासाठी त्याला करोडो रुपये मिळाले, तेच अंतर त्या रात्री त्याच्या गाडीने अर्ध्या सेकंदात कापलं. सेकंदाला ७० मीटर. माणसाला समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी शंभर मीटर पुढे. आणि मार? मार वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलोय आपण. मर्यादेच्या साडेतीन पट वेग म्हणजे धडकेची ताकद जवळपास १२ पट.

त्याच्या रक्तात ०.१६ अल्कोहोल होतं, तिथल्या कायदेशीर मर्यादेच्या दुप्पट. त्याला अटक झाली. त्याच दिवशी रेडर्सने त्याला संघातून काढलं. मे २०२३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, ऑगस्ट २०२३ मध्ये ३ ते १० वर्षांची शिक्षा झाली.

मला लिहायचंय ते या शिक्षेबद्दल नाही. अटकेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लोक काय बोलले, त्याबद्दल आहे.

पहिली प्रतिक्रिया, सगळ्यात मोठी: "अरेरे, एवढं टॅलेंट वाया गेलं." दुसरी: "२२ वर्षांचं पोरगं आहे, आयुष्य बरबाद झालं." तिसरी: "आता आमच्या संघाचं काय? हंगाम अर्ध्यावर आहे." संघातला मोठा खेळाडू डेरेक कार पत्रकारांपुढे आला. आतून हललेला होता. त्या मुलीच्या घरच्यांबद्दल वाईट वाटतं असं सगळेच बोलत होते, तसा तोही बोलला. पण पुढे म्हणाला की रग्जला आत्ता प्रेमाची गरज आहे आणि कुणी देणार नसेल तर मी देईन. यावरून त्याला लोकांनी खूप झोडलं. काहींनी डोक्यावरही घेतलं.

माझं मत विचाराल तर, मित्र म्हणून तो चुकला असं मला वाटत नाही. आपला माणूस गुन्हा करून आत गेला म्हणून त्याला टाकून द्यावं असं मी कुणालाच सांगणार नाही. पण मित्राला जे शोभतं ते सगळ्या गावाने करायचं नसतं. त्याचा मित्र त्याच्यासाठी रडला, ठीक. ज्यांनी त्याला फक्त टीव्हीवर पाहिलं ते हजारो लोकही त्याच्याच करिअरसाठी रडले. आणि ती मुलगी? त्याच्यापेक्षा एकच वर्षाने मोठी. तिचंही करिअर असेल ना काहीतरी? ते कुणी ड्राफ्टमध्ये मोजलं नव्हतं म्हणून ते नव्हतंच का?

आता दुसरी केस बघा. पहिली बाजूला ठेवा, परत तिच्याकडे येऊ.

जुलै २०२३. अमेरिकेतलंच सेंट पॉल शहर. पहाटे तीनच्या सुमारास पोलिसांनी एक लॅम्बोर्गिनी थांबवली. वेग ताशी १४० मैल, म्हणजे २२५ किलोमीटर. मर्यादा ५५ मैल, म्हणजे ८८ च्या आसपास. चालवणारा जॉर्डन ॲडिसन, मिनेसोटा व्हायकिंग्जने नुकताच ड्राफ्टमध्ये घेतलेला नवा खेळाडू. त्याने पोलिसाला सांगितलं की घरी कुत्र्याची तब्येत अचानक बिघडली आहे. मग काय, लोकांना विषयच मिळाला. जोक, मीम, कुत्र्याचे फोटो. "मैदानावर पण असाच पळू दे" म्हणून शुभेच्छा. त्याने माफी मागितली, काही शे डॉलर दंड भरला, लायसन्स काही काळ गेलं, विषय संपला. त्या हंगामात त्याने १० टचडाउन केले आणि लोक सगळं विसरले.

वर्षभराने, जुलै २०२४ मध्ये, लॉस एंजेलिस विमानतळाजवळ तो गाडीत स्टीअरिंगमागे झोपलेला सापडला. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक. पुढे लीगने त्याला ३ सामन्यांसाठी बाहेर बसवलं.

तिसरी केस. मार्च २०२४, डॅलस. कॅन्सस सिटी चीफ्सचा रशी राइस. पुन्हा लॅम्बोर्गिनी. हायवेवर ताशी ११९ मैल, म्हणजे १९० च्या वर. एकामागोमाग एक गाड्या धडकल्या, माणसं जखमी झाली. आणि हा आपल्या सोबत्यांबरोबर गाडी तिथेच सोडून चालत निघून गेला. कुणाला काय लागलं हे बघायला थांबला नाही. नंतर पोलिसांपुढे हजर झाला. २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला, ३० दिवसांची कैद आणि ५ वर्षं देखरेख. लीगने ६ सामन्यांची बंदी घातली. बंदी संपवून आला आणि पहिल्याच सामन्यात २ टचडाउन केले. स्टेडियम उभं राहिलं.

तिन्ही पोरं साधारण एकाच वयाची. तिघांचं काम एकच, पळायचं आणि बॉल झेलायचा. तिघांचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला. रग्ज दारू प्यालेला होता, हा फरक आहे आणि तो मोठा आहे, मान्य. पण एकाच्या केसवर लोक हादरले, एकावर हसले आणि एकावर थोडे चिडून पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. का? कारण एकाच्या पुढे गाडी होती आणि ती पेटली. एकाच्या पुढे रस्ता रिकामा होता. २२५ ने जाणाऱ्याने आपल्या अकलेने कुणाला वाचवलं नाही. त्या पहाटे त्या रस्त्यावर पुढे कुणी नव्हतं, एवढंच. आणि त्या नशिबालाच आपण "कुणी मेलं नाही ना, मग सोड की" म्हणतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं. तर आता आपल्याकडे येतो.

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका ग्रुपवर एक रील फिरली. बायपासवर रात्री काढलेली. स्पीडोमीटरचा काटा १५० च्या पुढे, मागे गाणं, खाली "नाद खुळा". गाडी चालवणारं पोरगं जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेलं, चांगला बॉलर, मी स्वतः त्याची बातमी केलेली आहे. मी खाली एवढंच लिहिलं की भावा, हे काढून टाक आणि असं करू नकोस. पोरं तुटून पडली माझ्यावर. "सर, तुम्ही तुमच्या स्कूटीवर बरे." "जळणाऱ्यांनी बर्नॉल लावा." त्यातला एक मात्र मुद्द्याचं बोलला. म्हणाला, "सर, रोहित भाऊ एक्स्प्रेसवेवर २०० नी गेला तेव्हा कुठं होतात?"

प्रश्न बरोबर आहे त्याचा. उत्तर द्यायलाच पाहिजे.

ऑक्टोबर २०२३. वर्ल्ड कप चालू होता आणि भारत-बांगलादेश सामना पुण्याला, गहुंजेच्या स्टेडियमवर होता. त्याच्या तोंडावर बातमी आली की कॅप्टन रोहित शर्माच्या लॅम्बोर्गिनीला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर वेगासाठी चलनं लागली. वेग २०० च्या पुढे गेल्याचं बातम्यांत छापून आलं. एक्स्प्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा १०० आहे. अटक वगैरे काही नव्हतं, चलन होतं. मी आत्ता त्या चलनाबद्दल बोलत नाही, त्या बातमीखाली आपण काय लिहिलं त्याबद्दल बोलतोय. "हिटमॅन आहे, सावकाश कसा जाईल?" "पॉवरप्ले चालू होता." "मॅचला उशीर होत असेल." ज्यांना काळजी वाटली त्यांनाही काळजी एकच, कॅप्टनला काही झालं तर वर्ल्ड कपचं काय. त्या रस्त्यावर त्या वेळी दुसऱ्या गाड्याही असतात, त्यात बायका-पोरं असतात, हे लिहिणारे फार थोडे होते. मी रोहितचा फॅन आहे, कालही होतो, उद्याही राहीन. पण फॅन असणं म्हणजे त्याच्या गाडीच्या काट्यालाही टाळ्या वाजवणं नव्हे.

त्याच्या आधी डिसेंबर २०२२ मध्ये ऋषभ पंतचा अपघात झाला. दिल्लीहून घरी निघाला होता, एकटाच, पहाटेची वेळ, रुरकीजवळ गाडी दुभाजकावर गेली आणि पेटली. हरियाणा रोडवेजच्या ड्रायव्हर-कंडक्टरने धावत जाऊन त्याला बाजूला नेलं. सगळ्या देशाने देव पाण्यात ठेवले, आपणही ठेवले, आणि तो परत उभा राहिला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. डुलकी लागल्याचं त्यानेच पोलिसांना सांगितलं होतं. त्या वेळी शिखर धवनचा एक जुना व्हिडिओ फिरला होता, आठवतो का? पंत त्याला विचारतो की मला काही सल्ला दे, आणि धवन सांगतो की गाडी सावकाश चालवत जा. कितीतरी लोकांनी तो व्हिडिओ "किती खरं बोलला होता" म्हणून पुढे पाठवला. म्हणजे आपल्याला सगळं कळतं. फक्त अपघात झाल्यावर कळतं.

मग मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरची पोर्शे झाली. खेळाडू नव्हता, बिल्डरचा सतरा वर्षांचा मुलगा. मध्य प्रदेशातून आलेले दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागच्या जागी गेले. जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध. त्यावर महाराष्ट्र पेटला. मी पण लिहिलं तेव्हा, तुम्ही पण लिहिलंत. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, सगळा राग योग्यच होता. पण एक गोष्ट बघा. ती करोडोंची गाडी कायमच्या नोंदणीशिवाय फिरत होती, १७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती म्हणून. नंबरप्लेट नसलेली तशी गाडी त्याआधी पुण्याच्या रस्त्यावर कितीतरी लोकांना दिसली असेल. तेव्हा आपण काय केलं असेल? फोटो काढला असेल. "काय गाडी आहे राव!" म्हणालो असू.

मला या गोष्टीचा त्रास का होतो, ते सांगतो. वीस वर्षं झाली तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. नाशिक-पुणे रस्ता आमच्या उशाला. संगमनेरचा बायपास, चंदनापुरीचा घाट, पुढे टोलनाका. या पट्ट्यातल्या अपघातांच्या किती बातम्या केल्या याचा हिशोब नाही. पत्रकारितेची पदविका करताना सरांनी सहा ककार शिकवले होते. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे. त्यात "कोण" पहिला. आता आपल्याकडच्या अपघाताच्या बातम्या वाचून बघा. "भरधाव कारने दुचाकीला उडवले." "चालकाचा ताबा सुटल्याने अपघात." कर्ता कोण? कार. ती भरधाव आली, तिने उडवलं. चालकाचा ताबा आपोआप सुटला, जसा काही हातातून रुमाल पडावा. अहो, ७२ च्या रस्त्यावर २५१ ने जाणाऱ्याच्या हातात ताबा होता कधी, की तो सुटेल?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एमआयडीसीत रात्रपाळीला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला मागून कारने ठोकलं. पोरगं गेलं. सकाळी शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर त्याचे वडील बसलेले. शेतमजूर माणूस. नातेवाईक नुकसानभरपाईचं बोलत होते, वकिलाचं बोलत होते. ते गप्प. मी शेजारी जाऊन बसलो, तर मला म्हणाले, "पत्रकार साहेब, तो किती जोरात होता ओ?"

मला आधी कळलंच नाही. म्हणलं, "कोण काका?"

"गाडीवाला. किती जोरात होता? पोराला आवाज तरी आला असंल का?"

मी पंचनामा मिळवून वाचला. त्यात होतं "भरधाव वेगात". आकडा नाही. त्या पंचनाम्यात नव्हता आणि मी नंतर वाचलेल्या बहुतेक पंचनाम्यांत नव्हता. लास वेगासमध्ये त्या कॉर्व्हेटच्या एअरबॅगच्या यंत्रातून पोलिसांनी माहिती काढली. धडकेच्या अडीच सेकंद आधी १५६ मैल, एअरबॅग उघडली तेव्हा १२७ मैल. हे आकडे कोर्टात आले, पेपरात आले, आज मी संगमनेरला बसून तुम्हाला सांगू शकतोय. त्या मुलीच्या आईबापांना निदान हा प्रश्न विचारत फिरावं लागलं नाही. त्या काकांना उत्तर कधीच मिळालं नाही. मी पण देऊ शकलो नाही.

म्हणून "कुणी मेलं नाही ना" असं कुणी म्हटलं की मला ते काका दिसतात.

आता कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली तर १ ते २ हजार रुपये दंड. १०० च्या रस्त्यावर ११० ने गेलात तरी त्यातच, २१० ने गेलात तरी त्यातच. कलम १८४ आहे धोकादायक वाहन चालवण्याचं, त्यात कैदही आहे, पण ते लावायचं तर पोलिसाने गाडी थांबवून गुन्हा नोंदवायला पाहिजे. कॅमेऱ्यातून येणारं चलन मोबाईलवर येतं आणि मोबाईलवरच भरलं जातं. चार करोडच्या गाडीवाल्याला दोन हजार म्हणजे काय? आपण चहा-भजीला देतो तेवढं पण नाही.

जर्मनीत वेगळं आहे. तिथे फौजदारी गुन्ह्यांचा दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर ठरतो. मार्को रॉयस, तेव्हाचा बोरुसिया डॉर्टमुंडचा मोठा फुटबॉलपटू. २०१४ मध्ये उघड झालं की हा कितीतरी वर्षं लायसन्सशिवायच गाडी चालवतोय, आणि मधल्या काळात वेगासाठी पाचेक वेळा पकडलाही गेलेला. त्याला दंड झाला ५ लाख ४० हजार युरो. त्याच्या एका दिवसाच्या कमाईचे ९० दिवस. तिथल्या एखाद्या हमालाने तेच केलं असतं तर त्यालाही ९० दिवसांचीच कमाई लागली असती, फक्त त्याची. हे मला पटतं. श्रीमंताला जास्त आणि गरिबाला कमी असा भेदभाव यात नाही. दोघांना सारखंच दुखेल, एवढंच आहे.

आपल्याकडे दुखतं कुणाला? जानेवारी २०२४ आठवा. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली आणि ट्रकवाले संपावर गेले. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. तेव्हा आपण चिडलो, "पळून कशाला जाता मग?" म्हणालो. एका ड्रायव्हरने मला विचारलं होतं, "साहेब, थांबलो तर पब्लिक जिवंत सोडंल का?" सरकारने शेवटी ते कलम थांबवलं. माझं म्हणणं, पळून जाणं चूकच. पण दुधाच्या टेम्पोवाल्याने ठोकलं तर पब्लिक आधी त्याला बडवतं, गाडीच्या काचा फोडतं, मग पोलिसांना फोन करतं. त्याचं करिअर बुडालं म्हणून आजपर्यंत कुणी हळहळलेलं मी बघितलं नाही. त्याला पण पोरंबाळं असतात. डॅलसहून चालत निघून गेलेल्या खेळाडूला मात्र हंगाम संपायच्या आत टाळ्या.

दुसरी एक बाजू पण सांगतो, नाहीतर अन्याय होईल. सप्टेंबर २०२४ मध्ये मायामीत टायरीक हिल या खेळाडूला पोलिसांनी वेगाच्या कारणावरून सामन्याआधी स्टेडियमजवळ अडवलं. व्हिडिओ आला. काच खाली करण्यावरून वाद, मग त्याला गाडीतून ओढून जमिनीवर पालथं पाडलं, हातकड्या. लोक दोन बाजूंना वाटले गेले. एक बाजू "पोलिसांनी बरं केलं", दुसरी "काळा माणूस म्हणून असं केलं". वेगाचा मुद्दा दोन्हीकडून हरवला. आणि अशा खेळाडूंच्या अटकेच्या बातम्यांखाली काय भाषेत लोक लिहितात ते मी इथे लिहू शकत नाही. राग गाडीच्या वेगाचा असतो की त्या माणसाच्या रंगाचा, हे ओळखता येत नाही इतकं ते मिसळलेलं असतं. आपण हसू नये, आपल्याकडे रंगाऐवजी आडनाव बघतात. अपघाताची बातमी टाकली की पहिली कमेंट येते, "नाव काय त्याचं?" नाव कळलं की मग ठरतं, राग किती करायचा. वेग चूक असतो आणि पोलिसांनी हात टाकणंही चूक असतं. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं.

आकडा एकच देतो. केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल. देशात त्या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या रकान्यात कारण लिहिलंय, अतिवेग. म्हणजे १ लाख २० हजारांच्या जवळपास माणसं. एवढी तर आपल्याकडच्या मोठ्या तालुकागावाची वस्ती. दरवर्षी एक गाव उठतंय.

एवढं लिहून आता मागणं काय? मोठं काही नाही.

आपल्या भागातल्या ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना विनंती, वेगाच्या रील आल्या की काढून टाका. टाकणारा आपल्या घरातला असला तर आधी काढा. तालमीच्या वस्तादांना, क्रिकेट-कबड्डीच्या कोचना विनंती, पोरांना एकदा बसवून बोला. पोरं आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. आमदार-खासदारांकडे रस्ता रुंद करायची मागणी घेऊन जातो, तशी एक मागणी ही पण न्या, की दंड वेगाच्या टप्प्याप्रमाणे वाढला पाहिजे आणि दुप्पट वेगाला लायसन्स गेलंच पाहिजे. पोलीस मित्रांना विनंती, पंचनाम्यात शक्य असेल तिथे वेगाचा आकडा लिहा. "भरधाव" हा आकडा नाही.

आणि शेवटचं तुमच्या-माझ्यासाठी. उद्या परत कुठल्या तरी खेळाडूची, नटाची, पुढाऱ्याच्या पोराची अशी बातमी येईल. कमेंट टाकायच्या आधी बातमीत दुसऱ्या गाडीतल्या माणसाचं नाव शोधा. मिळालं तर आधी त्याच्याबद्दल लिहा. दुसरी गाडीच नसेल, कुणाला काही झालं नसेल, तर त्या दिवशी हसण्याऐवजी चिडा. चिडून उपयोग होईल असा तोच एक दिवस असतो.

पटलं नसेल तर खाली लिहा, भांडू. फक्त आई-बहिणीवर येऊ नका, कमेंट उडवेन. पटलं असेल तर कॉपी करा, शेअर करा, माझं नाव नसलं तरी चालेल.